वैशाखातलं पाणी

पहाटेपासून चाललेली मोट केशवराव दलालांनी थांबवली आणि विहिरीत वाकून पाहिलं. बैल जुंपण्याआधी त्यांनी एक दोर आत सोडून पाण्याच्या पातळीवर त्याला लाल चिंधी बांधली होती. आता पाणी पुरुषभर खाली गेलं होतं आणि चिंधी कोरड्यात लोंबत होती.

"पानी परत चिंधीले कधी लागते, ते पाहू," असं म्हणून ते लिंबाच्या सावलीत बसले.

शालिकराम माळ्याला काही बसवेना. तो विहिरीपासून लिंबापर्यंत आणि लिंबापासून विहिरीपर्यंत येरझारा घालत होता. मोर्णा नदीच्या काठचा हा मळा आणि ही विहीर केशवरावांना द्यायची आणि बदल्यात त्यांच्याकडचे कोळशाच्या कंपनीचे चाळीस हिस्से घ्यायचे, असं ठरलं होतं. कागद तयार होता. त्यावर शालिकरामने खुरप्याची निशाणी काढली की झालं. बोरू तर त्याने सकाळपासूनच कानावर खोचून ठेवला होता.

त्याचंही काय चुकलं म्हणा. कुठेतरी सातासमुद्रापार लढाई जुंपली आणि इकडे कापसाचं सोनं झालं. शेजारच्या पुंजारामने बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. शालिकरामच्या मळ्यात मात्र वांगी, आणि वांग्यांसाठी कोणी लढत नाही. सारं अकोलं वरातीला निघालं आणि आपण तेवढे घरी राहिलो, हे त्याला दोन वर्षं रात्रंदिवस सलत होतं.

"बारा, अठरा, पंचवीस, चाळीस," तो चालता चालता पुटपुटत होता. कंपनीने या दोन वर्षांत चार वेळा नफा वाटला होता, त्याचे हे दर हिश्श्यामागचे रुपये.

त्याची बायको पार्बताबाई पाटाच्या कडेला मेथीच्या जुड्या बांधत होती. केशवरावांनी तिलाच विचारलं, "बाई, पाच सालामांगं पान्यानं दडी मारली होती, तवा किती मोटा देल्या इनं?"

"दिवसाले शंभर."

"त्याच्या आंधीच्या कोरड्या सालात?"

"ऐंशी. मोर्णेत वाळू उडत होती तवा." हे सांगताना तिची मान ताठ झाली. लग्न होऊन ती आली तेव्हापासून ही विहीर एकदाही आटली नव्हती. उद्यापासून ती आपली नसेल, या विचाराने रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

केशवराव खुशीत मान डोलवत म्हणाले, "भरल्या सालाचं मी इचारतच नाही. भरल्या सालात सारेच देतात."

पार्बताबाईचे हात थांबले.

"मंग कंपनीनं कोरड्या सालात किती देलं?"

"तू चूप राय वं!" शालिकराम खेकसला. "चार खेपा देलं, अन् हर खेपेले जास्त. आयकलं नाही का?"

"आयकलं. ते सारं या सुगीतलं. मी त्याच्या आंधीचं इचारून राहिली."

"त्याच्या आंधी कंपनीच नोती, बाई," केशवराव समजुतीने म्हणाले. "पन आता आगगाडी येऊन राहिली. कापूस दाबाची यंत्रं येऊन राहिली. सारं कोयशावर चालते."

"म्हंजे तिनं वैशाख पायलाच नाही अजून," पार्बताबाई म्हणाली. "शावनात तं डबकं बी भरते."

शालिकराम पाय आपटत पुन्हा विहिरीकडे गेला आणि तिथूनच ओरडला, "लागलं! लागलं!"

ऊन अजून डोक्यावरही आलं नव्हतं. केशवराव धावत गेले, वाकले. चिंधी भिजून पाण्यावर तरंगत होती.

"पसंत!" ते म्हणाले. चेहऱ्यावरचा आनंद त्यांना लपवता येईना. लगेच त्यांनी कागद पसरला आणि शालिकरामने पहाटेच उघडून उन्हात ठेवलेली दौत जवळ ओढली.

पार्बताबाई उठून जवळ आली. "येक सांगा, राव. कंपनी येवढी देते, तं तिचे हिस्से तुमी काहून देऊन राहिले?"

"हिस्से काय, उद्या आनखी छापतीन. अशी विहीर कोन इकते, बाई?"

बोलून गेल्यावर केशवरावांनी जीभ चावली आणि दौत घाईने शालिकरामपुढे सरकवली. शालिकरामने कानावरचा बोरू काढून तिच्यात बुडवला. टोक कोरडंच वर आलं. उन्हाने शाई पार सुकली होती.

"थोडं पानी टाका तिच्यात," केशवराव म्हणाले.

मोटेच्या पाण्याने थारोळं काठोकाठ भरलेलं होतं. पार्बताबाईने त्यातून ओंजळ भरून आणली आणि दौतीत ओतली. शालिकराम बोरू हातात धरून विहिरीकडे पाहत राहिला. सकाळपासून पहिल्यांदाच त्याचे पाय एका जागी होते.

तिने दुसरी ओंजळ आणली. दौत भरून वाहू लागली. तिसऱ्या ओंजळीला काळं पाणी कागदाकडे निघालं, तेव्हा केशवरावांनी कागद झटकन उचलला.

"अवं बाई, पुरे! पुरे!"

शालिकरामने तिला अडवलं नाही. ती पुन्हा थारोळ्याकडे वळली होती.

"राहू द्या, राव," ती जाता जाता म्हणाली. "इहिरीत लय हाय."