आठशे मोठे की चार?

हजार केबींचा एक एमबी, हजार एमबींचा एक जीबी. कॉम्प्युटरच्या बाईंनी त्या दिवशी तीन वर्गांना हाच धडा घसा बसेपर्यंत शिकवला होता. घरी येऊन त्या वह्यांचा गठ्ठा तपासायला बसतात न बसतात तोच आई फोन घेऊन आली.

"अगं, फोनमधली जागा भरली म्हणे, मोठं असेल ते काढा म्हणतोय. यादीत नुसते आकडे दिसतात. आठशे मोठे की चार?"

"आई, जन्मभर पोरांचे पाढे घेतलेस ना? आठशे!" बाईंनी वहीतून मानही वर केली नाही.

घटकाभराने आई पुन्हा आली. "आठशेवालं काढलं, तरी जागा होईना. आणि ह्यांचा आवाजही सापडत नाहीये गं."

आता कुठे बाईंनी फोन हातात घेतला. चार जीबींचा कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ जागच्या जागी होता. गेली होती ती आठशे केबींची एवढीशी फाइल: वडिलांनी दवाखान्यातून पाठवलेला शेवटचा निरोप. आई तो रोज सकाळी ऐकायची.

"मीच मेली वेंधळी," आई डोळे पुसत म्हणाली. "भलतंच काहीतरी दाबलं असणार."

 

"असू दे गं, होतं असं," बाई म्हणाल्या आणि आईला माफ केल्यासारखा तिच्या पाठीवरून हात फिरवला.