सोललेला लसूण

लसणाने काकांचा दुहेरी फायदा होणार होता. कोलेस्टेरॉलची गोळी टळणार होती आणि निवृत्तीनंतर पुन्हा चार माणसं त्यांचं ऐकणार होती. आयुष्यभर विमा विकलेला माणूस. सकाळी फिरायला येणाऱ्या चौघा मित्रांच्या त्यांनी लसूणही गळी उतरवला. रोज डबा भरून न्यायचे. सोलून, ठेचून द्यायला काकू होत्याच.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "थोडं उतरलंय, काका. पण एवढ्याने भागणार नाही. आता गोळी सुरू करू."

"गोळीचे साइड इफेक्ट असतात. लसणाचा एक तरी दाखवा!"

शेजारी बसलेल्या काकूंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांची टोकं सोलवटली होती, चिरा पडल्या होत्या.

"हे बघा. भरतकामाचा रेशमी दोरा अडकतो यात. हातातली दोन कामं गेली माझी."

"अगं, मग मलम लावायचं ना!"

"लावलं होतं. लसणाला मलमाचा वास येतो म्हणून तुम्हीच ओरडलात. डॉक्टर, गोळीच लिहा. ती सोलावी लागत नाही."

काकांचा आवाज खाली आला. "आणि माझ्या मित्रांचं काय?"

"त्यांना हात आहेत की!"

दुसऱ्याच दिवशी त्या चौघांचा लसणावरचा विश्वास उडाला. पाच जणांचा तो फुकटचा इलाज इतके दिवस एकट्या काकूंच्या बोटांवर चालला होता.