नातालबायची चिठ्ठी

बायांनो, जवळ सरका, माजिवड्याच्या नातालबाय सुईणीची गोष्ट सांगते. बावन्नची पहिली निवडणूक. एक उमेदवार गावात बाळंतपणाचा दवाखाना आणणार होता, तिथंच मूल न होऊ देण्याचे उपायही शिकवणार होता. “जीव देणारा देव, अशा माणसाला मत देणं पाप,” फादरांनी रविवारी देवळात मिस्साच्या वेळी बजावलं. पण नातालबायची लेक तिच्या सातव्या बाळंतपणात आईच्याच हातांत गेली होती. मतदानाच्या पडद्याआड ती पापकबुलीला बसावं तशी गुडघे टेकून बसली. “बाई, हे देऊळ नाही, चिठ्ठी टाका!” मतदानाचा साहेब पडद्यापलीकडून खेकसला. तेव्हा दर उमेदवाराची पेटी वेगळी असायची; तिनं चिठ्ठी दवाखानेवाल्याच्याच पेटीत टाकली. शनिवारी कबुली ऐकून फादरांनी विचारलं, “पस्तावा होतो?” “नाय, फादर. परत तिथंच टाकीन.” “मग क्षमा कशी देऊ गं?” दवाखाना आलाच नाही. क्षमा नाही तर प्रसादही नाही, म्हणून ती मरेपर्यंत ख्रिस्तप्रसादाविना राहिली. प्रसाद घेताना तिला आठवा.