शेवटचा अंक

लेब्रेख्तने शेवटचं पान वाचून खाली ठेवलं तेव्हा दिवाणखान्यातल्या सगळ्या बायका रडत होत्या. त्याच्या नाटकातल्या मोलकरणीने तान्हं पोर नदीत सोडलं होतं, आणि जल्लादापुढे मान झुकवताना आपल्याला फसवणाऱ्याला क्षमा केली होती.

घरची मोलकरीण ओटिली कॉफीची किटली घेऊन दाराशीच थबकली.

"बिचारीनं कुणाला सांगितलं का नाही गं?" न्यायाधीशांच्या बायकोने डोळे टिपले.

"नाहीतर काय," लेब्रेख्तच्या आई म्हणाल्या. या घराच्या मालकीणबाई त्याच. "माझ्या दारी आली असती ना, तर पोटाशी धरलं असतं मी तिला."

ओटिलीने पुढे होऊन कप भरले. कित्येक आठवडे ती घागऱ्याची नाडी थोडी थोडी सैल करत आली होती. गेल्याच रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाबांनी राजाचं फर्मान वाचलं होतं: जी बिनलग्नाची बाई पोट लपवील, ती गुन्हेगार. आणि गावी जाऊन सांगावं, तर बापाने उंबरा ओलांडू दिला नसता.

पाहुण्या गेल्या. मालकीणबाई साखर कुलपात ठेवायला कोठीच्या खोलीत आल्या. हातातला रुमाल अजून ओलाच होता. तो पाहून ओटिलीला धीर आला.

"बाईसाहेब, मला दिवस गेलेत."

मालकीणबाईंनी आधी कुलूप लावलं. "कुणाचे?"

ओटिली दिवाणखान्याच्या दाराकडे पाहत राहिली. आत लेब्रेख्त शीळ घालत कागद गोळा करत होता.

"कुणाला बोललीस?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. मी काही ऐकलेलं नाही. आत्ताच्या आत्ता सामान आवर."

"पण बाईसाहेब, लपवलं तर फर्मानात..."

"आणि या घराचं नाव तोंडातून काढलंस, तर चोर म्हणून धरून देईन."

"मी जाऊ कुठे?"

मालकीणबाईंनी तिच्या कमरेचा एप्रन स्वतःच्या हाताने सोडला. तो घरचा होता. घडी घालून त्यांनी तो फळीवर ठेवला.

"आई," लेब्रेख्तने आतून हाक मारली, "शेवट जमलाय ना गं?"

"जमलाय हो, बाळा," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी मागच्या दाराची कडी काढली.