बारावी ओळ

"डेटाबेसमध्ये बारा आणि फाइलमध्ये अकरा? हो एक खंय गेलो?" सर्वेशने कपाळावर हात मारला.

मच्छीमार संस्थेच्या मालवणच्या कार्यालयात सकाळपासून ही गर्दी. कालच्या वादळातून तीन होड्या परतल्या नव्हत्या. बेपत्ता माणसांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये काढून अकरा वाजायच्या आत शोधबोटीला पाठवायची होती. यादीतली माणसं सापडली की बोट माघारी फिरणार. म्हणजे जो यादीत नाही, त्याला कोणी शोधणारच नाही.

सर्वेशने पीएचपीत दोन क्लास लिहिले होते. एक डेटाबेसमधून नोंदी आणायचा, दुसरा त्या ओळीओळीने फाइलमध्ये उतरवायचा. मोठ्या ऐटीत लिहिले होते आणि नेमकं आजच घोडं पेंड खात होतं. साडेदहा वाजले होते. त्याने कोड वरपासून खालपर्यंत पाहिला आणि स्वतःलाच शिवी हासडली. नाव रिकामं असेल तर ओळ लिहायची नाही, हा शहाणपणा त्याचाच होता.

"ग्लिनिस, ह्या पिंगुळीच्या मथुराबायच्या घोवाचा नाव कोरा कसा?"

नोंदी भरणारी ग्लिनिस वैतागली. "तिका धा वेळा इचारलंय. म्हणता, पंधरा दिसांनी एकदा घराक येता. होडी जलराणी. पण नाव सांगीत तर शपथ!"

सर्वेश बाहेर धावला. बाकावर मथुरा बसली होती आणि तिला जवळ घेऊन तोंडवलीची पार्वती. दोघींची ओळख आज सकाळचीच. जास्त काही विचारायची शुद्ध कुणाला होती? पार्वतीचाही नवरा बेपत्ता होता. त्याची नोंद तिच्या दिराने केली होती. तेव्हापासून ती स्वतःचं रडू गिळून मथुरेला चहा पाजत होती. ते पाहून सर्वेशला भरून आलं.

"मथुराबाय, घोवाचा नाव सांग. वेळ नाय."

"घोवाचा नाव तोंडान कसा घेव रे, झिला?"

"अगो, नाव नसला तर तेका कोण सोधूचो नाय!"

मथुरा हमसून हमसून रडायला लागली. पार्वतीने पदराने तिचे डोळे पुसले.

"उखाण्यात घे गो. लग्नात घेतलंस तसा. लाज कसली? माणूस परत येवक व्हयो मा?"

मथुरेने डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले.

"दर्या खवळलो, वारो फिरलो, होडी आण किनारी,
परशुरामाचा नाव घेतंय, येवंदे माझ्या दारी."

सर्वेशने सुटकेचा निःश्वास टाकला. "परशुराम, होडी जलराणी. लिवतंय. आता झाले बारा." तो आत वळला.

पार्वतीने मथुरेच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"लिवू नको, झिला," ती म्हणाली. "जलराणीर एकच परशुराम आसा. माझो घोव."