वैऱ्यासाठी प्रार्थना

"स्वर्गीय पित्या," धाकटी म्हणाली, "आज मी माझ्या ताईसाठी प्रार्थना करते."

आईला भरून आलं. एरवी धाकटी दोन आजारी माणसं आणि मांजर एवढ्यावर उरकायची. आज सकाळीच पाळकसाहेब घरी आलेले, जेवणाच्या टेबलाभोवती पाच जण डोळे मिटून बसलेले, आणि चौदा वर्षांच्या पोरीला बहीण आठवली. मुलींना घरी शिकवल्याचं चीज झालं. याच टेबलावर आठला प्रार्थना व्हायची आणि नऊला शाळा भरायची. मुख्याध्यापिका आई, शिक्षिका आई, घंटा वाजवायचीही आईनेच. वर्गात मुली दोन, त्यामुळे दर परीक्षेत एक पहिली यायची आणि दुसरी शेवटची.

"तिला क्षमा कर, प्रभू. खिडकीजवळच्या टेबलावर माझं दोन हजार तुकड्यांचं दीपगृहाचं जिगसॉ कोडं आहे. चार महिने जोडतेय. त्यातले बाराशे तुकडे नुसता समुद्र आहे. तुला माहीतच आहे, समुद्र तूच केलास. एक हजार नऊशे नव्याण्णव लागले. शेवटचा गुरुवारपासून गायब आहे. नेमका दिव्याचा. आणि 'आता तरी ते टेबल मोकळं कर' असं बुधवारी कोण म्हणालं, हेही तुला माहीत आहे."

ताईने टेबलाखालून लाथ मारली. ती पाळकसाहेबांना लागली. ते "प्रभू, प्रभू" म्हणाले.

प्रार्थनेत एक सोय असते. मध्ये कुणी बोलायचं नसतं. आमेन येईपर्यंत फक्त देवालाच हरकत घेता येते, आणि तो सहसा घेत नाही. धाकटीने हे दोन दिवस विचार करून शोधून काढलं होतं. शिवाय वैऱ्यासाठी प्रार्थना करावी, हा धडा आईनेच सोमवारी घेतला होता.

"पाळकसाहेब तिला रविवारपासून गायनमंडळाची पुढारी करणार आहेत," ती मधाळ आवाजात पुढे म्हणाली. "का, तर ती भान हरपून गाते. प्रभू, दोन वर्षं ती नुसते ओठ हलवते. शेजारी मी उभी असते. आवाज माझा असतो. आणि उपवासाच्या दिवशी ती न्हाणीघरात बिस्किटं खाते. नळ सोडून, म्हणजे कुरुमकुरुम ऐकू जाऊ नये. तिला बळ दे. आमेन."

पाठोपाठ आमेन म्हणायचं असतं. त्याऐवजी पाळकसाहेबांनी घसा साफ केला. पुढची पाळी ताईची होती.

"कृपाळू बापा," ताई म्हणाली. आवाज इतका शांत, की धाकटीने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "मी माझ्या लाडक्या बहिणीबद्दल तुझे आभार मानते. तिच्या हुशारीबद्दल. बीजगणितात तिला शंभरपैकी शंभर मिळाले. आई उत्तरांचा कागद पिठाच्या डब्यात लपवते, हे तुझ्याशिवाय फक्त तिलाच ठाऊक. त्या दिवशी तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखले होते, आणि स्वयंपाकात मदत केलीस म्हणून आईने तिची पाठ थोपटली. तिला आणखी बुद्धी दे. आणि तुकडा मी घेतलेला नाही. खोटं बोलत असेन तर आत्ताच्या आत्ता माझ्यावर वीज पाड. आमेन."

सगळे जरा थांबले. वीज पडली नाही.

धाकटीचं त्याने काही समाधान झालं नाही. न्हाणीघरात बिस्किटं खाणारी विजेला काय घाबरणार?

"परमेश्वरा," आईने सुरुवात केली. भरून आलेलं केव्हाच ओसरलं होतं आणि आता मुख्याध्यापिकेचा आवाज लागला होता. "या दोन्ही लेकरांना आज नऊ वाजताच्या परीक्षेसाठी शक्ती दे. बीजगणित, पहिल्या धड्यापासून. तोंडी. उभ्याने. आमेन."

उरले बाबा. बाबा प्लंबर होते. त्यांची प्रार्थना वर्षानुवर्षं तीच: आजारी माणसं, निराधार माणसं, शेजाऱ्यांचा गुडघा, आमेन. चाळीस सेकंद. आज ते गुडघ्याशी येऊन अडकले.

"प्रभू, शेजाऱ्यांचा गुडघा... आणि एखादा माणूस. म्हणजे दिवसभर लोकांच्या मोऱ्यांमध्ये डोकं घालून घरी येणारा. त्याला कधीतरी वाटू शकतं, की एखाद्या सुंदर गोष्टीला शेवटचा हात आपला लागावा. नुसता शेवटचा. त्यात वाईट हेतू असा काही..."

बाबांना घाम फुटला होता. डोळे मिटूनच त्यांनी शर्टाच्या खिशातून रुमाल ओढला.

टेबलावर काहीतरी टिक् करून पडलं.

धाकटीने उजवा डोळा किलकिला केला. नखाएवढं होतं. पिवळंधमक. बाबांनी डोळे न उघडता त्यावर पंजा ठेवला, अगदी बरोब्बर, आणि घाईघाईने "आमेन" म्हणून टाकलं.

धाकटीने टेबलापलीकडे पाहिलं. ताईचा डावा डोळा उघडा होता. दोघी बहिणी एकेका डोळ्याने एकमेकींकडे बघत राहिल्या. मग ताईने मान हलवली. अगदी जराशी, घे पुढे म्हणून.

पाळकसाहेबांनी समारोपासाठी मोठा श्वास घेतला.

"थांबा, पाळकसाहेब," धाकटी म्हणाली. "आमची अजून एका माणसासाठी प्रार्थना राहिलीय."