घरटी अकरा

कोकणातलं स्थलांतर संपल्याचं डॉ. हरिहर आठल्ये यांनी जेवणाच्या सुट्टीआधी जाहीर केलं. रत्नागिरीचं सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पडद्यावर आकडा झळकत होता: घरटी अकरा माणसं. एवढी तर आता मुंबईच्या खोलीतही राहत नाहीत, पण ही शंका कुणाला आली नाही.

वैदेहीच्या तोंडात आंबावडी होती. वडी तिथेच थांबली.

प्रादेशिक सामाजिक शास्त्र परिषद दरवर्षी भरायची आणि संशोधकांनी एकमेकांना सहकार्य करावं, असा ठराव करून उठायची. गेल्या वर्षी खेडला मात्र कुणाच्या तरी अंगात आलं आणि सहकार्य खरोखरच करायचं ठरलं. सगळ्या तालुक्यांतल्या प्राध्यापकांनी एकाच आठवड्यात, एकच प्रश्न घेऊन गावं मोजायची. आठवडा कुठला, यावर वाद झालाच नाही. कॉलेजं गणपतीत बंद असतात.

म्हणजे अख्खी मुंबई गावी उतरलेली, ओटीवर पत्ते, आत मोदक, आणि त्यातून वाट काढत प्राध्यापक विचारताहेत, घरात किती जण. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. मोजणाऱ्यांना प्रसादही मिळाला.

वैदेही गुहागरच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. तिने वेगळं केलं यात तिची हुशारी काही नव्हती. गणपतीत तिच्याच घरी पंगतीवर पंगती उठत होत्या आणि सासूबाई तिला खळ्यापलीकडे सोडेनात. म्हणून ती दिवाळीनंतर गेली. तिच्या वाट्याच्या वाडीत एक घर उघडं, बाकी सगळी कुलपं. उघड्या घरात कमळाआजी. एकदा टाकलेला भात आजी दोन दिवस पुरवायची. येकटीसाठी कितीदा चूल पेटवू, म्हणायची. मुंबईचा एक ट्रस्ट अशा एकट्या म्हाताऱ्यांना रोज डबा द्यायला तयार होता, फक्त परिषदेची शिफारस हवी होती. शिफारस काय, होऊन जाईल. डबा येईल, असं वैदेही आजीला सांगून बसली होती.

वडी गालात सरकवून ती उठली. "सर, ही मोजणी गणपतीतली आहे."

"सुट्टी तेव्हाच होती ना गं," आठल्ये सर म्हणाले. एके काळी त्यांनी तिला शिकवलं होतं; तिच्यावर ते रागावत नसत. "रजा टाकून कोण मोजणार?"

तिने कुलपांबद्दल सांगितलं. भाताबद्दल सांगितलं. परिषदेचा सचिव शौनक, मंडणगडचा, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग मॅडमचा आकडा बाकीच्यांशी जुळत नाही आणि हे सहकार्याच्या तत्त्वाला धरून नाही, एवढंच निदर्शनास आणलं. वाडी अपवाद म्हणून वगळण्यात आली. लगोलग ठराव: जिल्ह्यात एकटे वृद्ध आढळले नाहीत; सबब ट्रस्टने डब्यांऐवजी पुढच्या परिषदेच्या जेवणाचा भार उचलावा.

हात वर झाले. वैदेहीचा झाला नाही. मॅडमच्या हातात पाण्याची बाटली आहे, असं म्हणून शौनकने तिला संमतीत धरलं. ठराव एकमताने मंजूर झाला.

वडी गिळवेना आणि चार पाहुण्यांसमोर थुंकताही येईना. सगळ्या सभागृहालाच साजूक तुपाचा वास मारत होता.

"सर, ती म्हातारी शिळा भात खाते," वैदेही म्हणाली. "तिला मी डबा येईल म्हणून सांगून आल्येय. आता काय सांगू?"

आठल्ये सरांचे डोळे पाणावले. ते मंचावरून उतरून तिच्यापाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असं कर," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी तिला इथे घेऊन ये. जेवेल आपल्याबरोबर."

शौनक पेन उघडून पुढे झाला.

"मॅडम, त्यांचा कुठला उपवास वगैरे नसतो ना?"